घरच्यांना जाणवू न देता बेचाळीस किलोमीटर?

डोंबिवलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ४१, नोकरी फोर्टमधल्या एका बँकेत. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. सोसायटीतल्या मैत्रिणीमुळे त्या धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये गेल्या, गेल्या डिसेंबरात पहिली हाफ मॅरेथॉन २ तास ४० मिनिटांत पूर्ण केली आणि ग्रुपमधल्या इतरांबरोबर जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतरासाठी नाव नोंदवलं. पैसे भरून झाले. आता सप्टेंबर अर्धा सरलाय आणि हातात साधारण अठरा आठवडे आहेत. ग्रुपच्या वेळापत्रकात आठवड्याला पाच दिवस धावणं आहे. "घरी कोणाला त्रास नको म्हणून" त्या पहाटे सव्वाचारला उठतात, सहाच्या सुमारास परत येऊन सगळ्यांचे डबे करतात आणि आठची लोकल गाठतात. झोपायला रात्रीचे साडेअकरा होतात. दोन आठवड्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतंय. दुपारी बँकेत डोळे मिटतात. सासूबाई म्हणतात, "या वयात कसला हा सोस!" नवरा म्हणतो, "मी अडवत नाही, पण मुलाचं दहावीचं वर्ष आहे एवढं लक्षात ठेव." पत्राच्या शेवटी त्या विचारतात: "मी स्वार्थीपणा करतेय का? हे सगळं सोडून देऊ? की पावणेचारला उठून गुडघ्यासाठीचा व्यायामही त्यात बसवू?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात घाईचा आहे, म्हणून तो आधी घेते. पावणेचारला उठू नका. पुढचे दोन आठवडे सव्वाचारलाही उठू नका.

साडेअकरा ते सव्वाचार म्हणजे जेमतेम पावणेपाच तासांची झोप. त्यावर सगळ्यांचे डबे, जाऊन-येऊन लोकलचा प्रवास, दिवसभर काउंटर, संध्याकाळचा स्वयंपाक आणि वर पाच दिवसांचं धावणं. तुम्ही लिहिलंय, "माझा स्टॅमिनाच कमी पडतोय बहुतेक." मला तसं मुळीच वाटत नाही. पावणेपाच तास झोपून एवढं सगळं करणाऱ्या बाईच्या स्टॅमिनाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती हे अठरा आठवडे असंच रेटता येईल या हिशेबाबद्दल.

धावताना शरीर झिजतं. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, साठवलेली साखर संपते, हाडांवर ताण येतो. ते भरून निघतं नंतर, विश्रांतीत, आणि त्यातला मोठा वाटा गाढ झोपेचा असतो. वाढीचं आणि दुरुस्तीचं संप्रेरक सगळ्यात जास्त तेव्हाच स्रवतं. म्हणजे झोप हा सरावाचाच भाग आहे. ती कापून धावायला गेलं की झीज तेवढीच राहते आणि भरपाई थांबते. मग एखाद्या पावसाळी सकाळी ते गुडघ्यात, पोटरीत किंवा नडगीत दिसायला लागतं. तुमच्या गुडघ्याचं नेमकं कारण तपासणाऱ्यालाच सांगता येईल, पण या झोपेवर कोणाचाही गुडघा कुरकुरला असता.

आता मला ज्याबद्दल सविस्तर बोलायचंय तिकडे येते. "घरी कोणाला त्रास नको" हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. तुम्ही ते गृहीतच धरलंय: माझी हौस आहे, तर तिचा भार माझ्या एकटीवर, आणि घरातल्या कोणाच्या दिवसात पाच मिनिटांचाही फरक पडता कामा नये. मॅरेथॉनचा सराव तसा होत नाही. अगदी कमीत कमी म्हटलं तरी आठवड्याला पाच-सहा तास लागतात, आणि डिसेंबरात, कपडे-आंघोळ-जाणंयेणं धरून, आठ. हे तास कुठून तरी येणारच. आत्ता ते सगळेच्या सगळे तुमच्या झोपेतून येताहेत, म्हणून घरात कोणाला जाणवलेलं नाही.

आणि जाणवलेलं नाही म्हणूनच कोणी मदतही केलेली नाही, हेही बघा. तुम्ही नवऱ्याला "मी नाव नोंदवलंय" असं सांगितलंत. पण "मला मंगळवारी आणि गुरुवारी डबे करायला जमणार नाही" असं सांगितल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. तो "मी अडवत नाही" म्हणतो तेव्हा त्याच्या समोर न अडवण्यापलीकडे काही मागणीच नाही. त्याला दोष देण्याआधी त्याच्याकडे नेमकं काहीतरी मागून बघूया.

स्वार्थाचा प्रश्न तुम्ही फार कळवळून विचारलाय, तेव्हा त्याचं उत्तर टाळत नाही. तुमच्या ग्रुपमधल्या पुरुषांना एकदा विचारून बघा, धावून घरी गेल्यावर ते काय करतात. टोमणा म्हणून नको, माहिती म्हणून विचारा. बऱ्याच जणांना घरी गेल्यावर आयता चहा आणि पोहे मिळतात, आणि त्यातल्या कोणाच्या मनात "मी स्वार्थी आहे का" हा प्रश्न येत नाही. त्यांना तो पडायला हवा असं मी म्हणत नाही. तुम्हालाही तो पडायचं कारण नाही, एवढंच म्हणते. आठवड्यातले सहा तास स्वतःच्या शरीरासाठी मागणं हा स्वार्थ नव्हे. दहा वर्षांनी तुम्हाला मधुमेह किंवा ठिसूळ हाडं घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या माराव्या लागल्या, तर त्याचा त्रास घरालाच होणार आहे.

सासूबाईंच्या बोलण्यात मला रागापेक्षा काळजी जास्त ऐकू येते. अंधारात एकटी बाहेर पडणारी सून, तिचा दुखणारा गुडघा, तिचे लाल डोळे हे सगळं त्या बघताहेत. शिवाय त्या तरुण होत्या तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन नव्हतीच. ती पहिल्यांदा झाली १९८४ ला, लॉस एंजेलिसमध्ये. त्याआधी कितीतरी वर्षं मोठमोठे जाणकार सांगत होते की बाईच्या शरीराला एवढं अंतर झेपणार नाही. तेव्हा "कसला हा सोस" हे सासूबाईंच्या एकट्यांचं मत नाही, ते त्यांच्या काळाचंही आहे. त्यांना साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरबद्दल सांगा. शेतकऱ्याच्या घरातली ही मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. तुम्ही काही पदकासाठी धावत नाही, पण बायका हे करतात, आपल्याकडच्या करतात, एवढं त्यांना दिसू दे.

नवऱ्याचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. दहावीच्या पूर्वपरीक्षा डिसेंबर-जानेवारीत येतात, आणि मॅरेथॉनच्या सरावाचे सगळ्यात जड आठवडे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे. हे दोन्ही एकमेकांवर आदळणार हे खरं आहे. पण त्यातून काय निष्कर्ष काढायचा, हे नीट बघायला हवं. मुलाला अभ्यासासाठी आई शेजारी झोपाळू डोळ्यांनी बसलेली हवी आहे का? पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा डबा भरता येतो, अंथरूण काढता येतं, आजीला चहा करून देता येतो. त्याने परीक्षेचं काही बिघडत नाही. तुमच्याकडून त्याला काय हवंय, हे त्यालाच विचारा. "रात्री अर्धा तास माझ्याशी बोल" किंवा "गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी घरी थांब" असं काहीतरी छोटं आणि नेमकं उत्तर मिळेल असा माझा अंदाज आहे.

म्हणून या रविवारी जेवणं झाल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि चौघं एकत्र बसा. मुलाच्या परीक्षेच्या तारखा आधी लिहा, नवऱ्याचे दौरे किंवा जादा काम असेल तर ते लिहा, सासूबाईंच्या तपासण्या लिहा, आणि मग तुमचे मोठ्या अंतराचे दिवस. त्यानंतर मागायचं ते स्पष्ट शब्दांत मागा. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळचे डबे नवरा आणि मुलगा मिळून करतील. पोळ्यांना बाई लावायची, किंवा त्या दोन दिवशी पोळी-भाजी केंद्रातून आणायची. ज्या दिवशी तुम्ही तीन तास धावणार त्या दिवशीचा नाश्ता आणि सासूबाईंच्या सकाळच्या गोळ्या तुमच्याकडे नाहीत. रात्री दहाला तुम्ही झोपायला जाणार, ओटा कसाही असो. सासूबाईंनाही एखादं काम सांगा, त्यांना झेपेल ते. भाजी निवडून ठेवायला सांगितलीत तरी चालेल. ज्या गोष्टीत आपला हात लागतो तिच्याबद्दल माणूस फार काळ परका राहत नाही.

यातलं सगळं मिळेलच असं नाही. पण निम्मं मिळालं तरी तुमचा गजर सव्वापाचवर येतो, आणि दहाला झोपलात तर सात तास होतात. हे एवढं जमल्याशिवाय पुढचं काही वाचू नका असं म्हणण्याचा मोह होतोय, पण वाचा.

आधी गुडघा. नव्याने धावणाऱ्यांमध्ये वाटीभोवतीचं दुखणं अगदी नेहमीचं. बहुतेक वेळा अंतर किंवा दिवस फार भराभर वाढवलेले असतात आणि मांडीचे, कुल्ल्याचे स्नायू तेवढे तयार नसतात. पंधरा दिवस धावणं निम्म्यावर आणा. दुखणं सौम्य असेल, धावताना वाढत नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नाहीसं होत असेल तर हळूहळू चालू ठेवता येतं. सूज आली, गुडघा अडकतोय असं वाटलं, जिना उतरताना लंगडायला लागलं, किंवा पंधरा दिवसांत फरकच पडला नाही, तर फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, ग्रुपवर विचारत बसू नका. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर त्या दिवसापासून धावणं बंद, कारण ते हाडाला बारीक चीर गेल्याचं लक्षण असू शकतं. आणि धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय ग्रुपमध्ये कोणाला असेल तर तिचं अनुकरण करू नका. त्या गोळ्या दुखणं झाकतात, आणि लांब अंतरावर शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडांवर ताण आणतात.

एक रक्ततपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्या: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तुमच्या वयात पाळीत रक्तस्राव वाढलेला असेल तर शक्यता आणखी जास्त. लोह कमी असलेल्या बाईने कितीही पहाटे उठून सराव केला तरी तिला दम लागणारच, आणि ती स्वतःच्या इच्छाशक्तीला दोष देत बसणार. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. जेवणाबरोबरचा चहा मात्र कोणालाही न विचारता बंद करा, तो लोह अंगी लागू देत नाही. सराव वाढल्यावर पाळी चुकायला लागली तर "वय झालं" असं म्हणून सोडून देऊ नका. कमी खाऊन जास्त धावल्यानेही ते होतं, आणि त्यात हाडांचं नुकसान होतं.

आता वेळापत्रक. ग्रुपचं पाच दिवसांचं वेळापत्रक बाजूला ठेवा. ते ज्याने केलं त्याच्या आयुष्यात आठची लोकल आहे का, हे मला माहीत नाही. तुमच्यासाठी आठवड्याला तीन दिवस पुरे. मंगळवारी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, गुरुवारी पन्नास मिनिटं ते तास, आणि एक लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, तेव्हा त्या आठवड्यांत लाँग रन शनिवारीच उरकून घ्या. रविवार घरासाठी मोकळा राहील, आणि थकवाही सोमवारच्या लोकलपर्यंत ओसरेल. गुडघ्यासाठीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं, पायरीवर टाचा उचलणं, जमिनीवर पाठीवर झोपून कंबर उचलणं. त्यासाठी वेगळी पहाट लागत नाही.

तिन्ही दिवस सावकाश धावा. बरोबरच्या बाईशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर घड्याळाकडे बघूच नका. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, आणि तोच वेग राखायला हृदयाला जास्त धडधडावं लागतं. जानेवारीत तेच पाय आपोआप थोडे वेगाने पडतील.

लाँग रन किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पावणेदोन तासांपासून सुरुवात करा, दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा, आणि दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. नोव्हेंबर संपता संपता तीन तास आणि डिसेंबरात दोनदा साडेतीन तास. त्यापुढे जाऊ नका. ग्रुपमध्ये सगळे ३२ किलोमीटरचा आग्रह धरतील. जो माणूस ३२ किलोमीटर तीन तासांत धावतो त्याला ते ठीक आहे. तुमच्या सावकाश वेगाने, किलोमीटरला सव्वाआठ मिनिटं धरली, तर त्याला जवळजवळ साडेचार तास लागतात. त्यातून सावरायला आठवडा जातो, आणि तो आठवडा तुमच्याकडे नाही. शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत आणायचं. तेव्हा हातपाय शिवशिवतील आणि सराव कमी पडला असं वाटेल. वाटू द्या.

चालण्याची लाजही सोडून द्या. चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, हे पहिल्या किलोमीटरपासून करायचं, दमल्यावर नाही. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली, आणि पहिल्यांदा ४२ किलोमीटर जाणाऱ्या असंख्य लोकांना तिने शेवटपर्यंत नेलं आहे. मुंबईत पेडर रोडचा चढ तर भल्याभल्यांना चालायला लावतो. तो ठरवून चाललात तर पुढच्या किलोमीटरांत पाय शाबूत राहतात.

खाण्याबद्दल थोडंच सांगते, कारण तुमच्या स्वयंपाकघरात सगळं आहे. लाँग रनच्या आधी केळं किंवा चार खजूर. पहिला तास उलटला की दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एक मोठं केळं किंवा चार-पाच खजूर म्हणजे साधारण ३० ग्रॅमच्या आसपास. त्यांची सवय सरावातच करा, शर्यतीच्या दिवशी नवं काही तोंडात घालू नका. पाणी तहानेप्रमाणे. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं, म्हणून मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत जवळ ठेवा. परत आल्यावर तासाभरात उसळ, मुगाचं धिरडं, अंडी, काहीतरी प्रथिनांचं खा. डबे भरता भरता उभ्या उभ्या अर्धी पोळी तोंडात टाकणं हे जेवण नव्हे.

नवरात्र येतंय. नऊ दिवसांचे उपास तुम्ही करता की नाही हे पत्रात नाही, पण करत असाल तर तो आठवडा कमी धावण्याचा ठेवा, निर्जळी करू नका, आणि साबुदाण्यावर सगळी भिस्त ठेवू नका. त्यात पिष्टच असतं. राजगिरा, दाणे, दूध, रताळं जास्त कामाचं.

आता तुमचा मधला प्रश्न: सोडून देऊ का? मी आज हो किंवा नाही म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरवा. तोवर तीन तासांचं धावणं झालेलं असेल. दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला, आठवड्यातले निदान पाच दिवस सात तास झोप मिळत होती आणि गुडघा गप्प होता, तर जा. यातलं एक जरी नाही म्हणालं, तर या वर्षी पूर्ण अंतर नको. भरलेले पैसे परत येत नाहीत हे खरं, पण तयारी नसताना ते अंतर धावलात तर आणखी चार महिने गुडघ्यासाठी मोजावे लागतील. डिसेंबरात पुण्याला, वसई-विरारला स्पर्धा होतात. त्यातल्या एखादीत हाफ धावा, आणि पूर्ण मॅरेथॉन पुढच्या वर्षी, मुलाची दहावी झाल्यावर. ग्रुप नाराज होईल. तुम्ही एकत्र नावं नोंदवलीत, पण गुडघा तुमचा एकटीचा आहे.

मला विचाराल तर, घरच्यांशी बोलणं झालं आणि झोप सुधारली तर तुम्ही ४२ किलोमीटर पार कराल असं मला मनापासून वाटतं. २ तास ४० मिनिटांच्या हाफवरून साधारण पावणेसहा तासांचा अंदाज धरा आणि त्याहून जास्त लागले तरी चालतील असं ठरवून जा. आणि घरच्यांशी बोलूनही काहीच हललं नाही, तर मी हाफच सुचवेन. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. पावणेपाच तासांच्या झोपेवर हे अंतर धावण्याचा सल्ला मी कोणालाच देणार नाही म्हणून.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठीही दोन शब्द. रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी संपल्यावर लगेच धावायला जाऊ नये. आधी झोप, मग संध्याकाळी धावणं. तान्हं मूल घरात असेल तर हे वर्ष मॅरेथॉनचं नाही, चाळिशीतही पुष्कळ वर्षं मिळतात. अजून पाच किलोमीटरही धावला नसाल तर चार महिन्यांत बेचाळीसचा विचार करू नका, वर्षभर तरी द्या. पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांनी, त्यातही ज्यांना रक्तदाब, मधुमेह आहे किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला आहे त्यांनी, हृदयाची तपासणी करूनच सुरुवात करावी. धावताना छातीत दाब आला तर ॲसिडिटी समजून पुढे जाऊ नका. तिथेच थांबा. आणि पहाटे धावणाऱ्या सगळ्यांसाठी: कानात काही घालू नका, चमकणारी पट्टी अंगावर असू द्या, आणि शक्यतो मैदानावर किंवा सोबतीने धावा.

ताई, मुंबईची शर्यत पहाटेच सुटते. डोंबिवलीहून सीएसएमटीला तेवढ्या लवकर कसं पोहोचायचं हे आधीच बघून ठेवा. मध्य रेल्वेने गेल्या काही वर्षांत त्या पहाटे खास लोकल सोडली आहे, यंदाची वेळ जानेवारीत तपासा, नाहीतर आदल्या रात्री मुंबईत कोणाकडे तरी मुक्काम करा. आणि दुसऱ्या दिवशीच्या सोमवारची रजा आत्ताच टाका, म्हणजे त्या दिवशीचे डबे कोण करणार हेही या रविवारीच कॅलेंडरवर लिहून होईल.